गांधींचे राज्य आठ शहरांपर्यंत : 'सिव्हिलायझेशन ५' मधील प्रजेच्या आनंदाच्या नोंदी

२ जून २०२४

'सिव्हिलायझेशन ५' हा साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ २०१० मध्ये आला आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' हा त्याचा दुसरा मोठा विस्तार २०१३ मध्ये. इतक्या वर्षांनंतरही या खेळातील एक प्रश्न मला पूर्णपणे सुटलेला वाटत नाही. भारताच्या बाजूने, म्हणजे गांधींच्या नेतृत्वाखाली, मोठे साम्राज्य उभे करता येते का, हा तो प्रश्न. प्रचलित सल्ला असा आहे की भारत घेतला तर तीन किंवा चार शहरे वसवावीत, ती भरपूर वाढवावीत आणि विस्ताराचा नाद सोडावा. सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागचे गणित कोणी शेवटपर्यंत मांडून दाखवलेले माझ्या पाहण्यात नाही. या प्रकल्पात ते गणित मांडायचे आणि प्रत्यक्ष खेळून तपासायचे आहे.

नियम थोडक्यात नोंदवून ठेवतो. या खेळात आनंद शहरागणिक वेगळा नसतो. साऱ्या साम्राज्याचा मिळून एकच आकडा पडद्याच्या वरच्या पट्टीत दिसतो. साधारण मापाच्या नकाशावर प्रत्येक शहर ३ गुणांचा असंतोष निर्माण करते आणि प्रत्येक नागरिक १ गुणाचा. भारताला यात खास वागणूक आहे : शहरांच्या संख्येमुळे होणारा असंतोष दुप्पट आणि लोकसंख्येमुळे होणारा निम्मा. म्हणजे इतरांचे 'प' लोकसंख्येचे शहर ३ + प इतका भार टाकते, तर भारताचे ६ + प/२ इतका. दोन्ही सूत्रे लोकसंख्या ६ असताना समान होतात. सहाच्या खाली भारत तोट्यात असतो आणि सहाच्या वर फायद्यात. सारा प्रकल्प या एका आकड्याभोवती फिरणार आहे.

खेळाची मांडणी अशी ठेवली आहे : साधारण नकाशा, एकच मोठा खंड, साधारण वेग आणि 'एम्परर' ही काठिण्यपातळी. उद्दिष्ट असे की स्वतः वसवलेली आठ शहरे उभी राहावीत, शक्य झाल्यास शेजाऱ्याची एक-दोन जिंकावीत आणि आनंदाचा आकडा कधीही उणे १० च्या खाली जाऊ नये. शून्याखाली गेल्यास शहरांची वाढ तीन-चतुर्थांशाने मंदावते, हे काही काळ सोसता येते. उणे १० च्या खाली मात्र वाढ पूर्ण थांबते, नवे सेटलर, म्हणजे शहर वसवणारी पथके, घडवता येत नाहीत, सैन्य कमकुवत होते आणि बंडखोर उगवतात. तिथे गेलेले साम्राज्य हाताबाहेर गेलेच म्हणून समजावे.

४ जून

पहिला टर्न. दिल्ली वसवली. मूळचे ९ गुण मिळतात, त्यातून शहराचे ६ आणि एका नागरिकाचा अर्धा असे साडेसहा वजा झाले आणि हाती अडीच उरले. दुसऱ्या कोणत्याही राजाच्या हाती याच क्षणी पाच असतात. भारताची अडचण सुरुवातीलाच डोळ्यांत भरते, कारण दुसरे शहर वसवायला आणखी साडेसहा गुण लागणार आहेत आणि ते कुठूनही येताना दिसत नाहीत.

गणनेसाठी एक तक्ता तयार केला आहे. प्रत्येक शहरासमोर तीन रकाने ठेवले आहेत : आजचा भार, लोकसंख्या ६ झाल्यावरचा भार आणि लोकसंख्या १४ झाल्यावरचा भार. दुसऱ्या बाजूला आनंदाचे स्रोत आहेत, त्यांचे मी दोन गट केले आहेत. चैनीच्या वस्तू, नैसर्गिक आश्चर्ये आणि काही धोरणे हे साऱ्या राज्याचे स्रोत. कलोसियम, प्राणिसंग्रहालय, स्टेडियम, पॅगोडा हे शहरातले स्रोत. यांच्यापासून मिळणारा आनंद त्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त होऊ शकत नाही. ही मर्यादा खेळ कुठेही ठळकपणे सांगत नाही, पण विस्तार करू पाहणाऱ्याला ती पावलोपावली अडते. लोकसंख्या १ असलेल्या गावात कलोसियम बांधले तर दोनऐवजी एकच गुण मिळतो.

८ जून

सुमारे ४५ व्या टर्नपर्यंतची नोंद. दिल्लीची लोकसंख्या ५ झाली आहे, एक नैसर्गिक आश्चर्य सापडले आहे आणि दिनदर्शिकेचे तंत्र शिकून कापसाचा मळा सुरू केला आहे. जमा मूळ ९, आश्चर्याचा १ आणि कापसाचे ४, म्हणजे १४, खर्च साडेआठ, शिल्लक साडेपाच.

मुंबई कुठे वसवावी याचा निर्णय जमीन पाहून घेतला नाही. नदीकाठची सुपीक जागा जवळच होती, पण तिथे चैनीची नवी वस्तू नव्हती. त्याऐवजी मुंबई थेट हस्तिदंताच्या षटकोनावर, म्हणजे नकाशाच्या त्या षटकोनी घरावर, वसवली. या खेळात एखाद्या संसाधनावरच शहर वसवले आणि त्यासाठी लागणारे तंत्र आधीच अवगत असले, तर मजूर पाठवून छावणी बांधण्याची वाट पाहावी लागत नाही. शहर उभे राहताच संसाधन हाती येते. साडेसहांच्या खर्चासमोर त्याच टर्नमध्ये ४ जमा झाले. निव्वळ खर्च अडीच, शिल्लक तीन. एका षटकोनाचे उत्पन्न कमी मिळाले हे खरे, पण सुरुवातीच्या भारतासाठी वेळ ही उत्पन्नापेक्षा महाग वस्तू आहे.

विजयनगर याच रीतीने संगमरवरावर वसवण्याचे ठरवले आहे.

९ जून

विजयनगर झाले. दिल्ली आणि मुंबई दोन्ही वाढल्यामुळे आकडा शून्याच्या किंचित खाली गेला होता, तो सयामच्या रामखामहेंगशी केलेल्या देवघेवीने सावरला : आमचा जास्तीचा कापूस त्यांना, त्यांचे जास्तीचे रेशीम आम्हाला. एकाच वस्तूचा दुसरा साठा आपल्याला काहीच आनंद देत नाही, त्यामुळे तो घरात ठेवण्यात अर्थ नाही. मैत्रीचा जाहीरनामा झालेला असेल तर संगणकाचा राजा अशा वस्तूला एकरकमी २४० सोन्याची नाणी देतो. पण पैशांपेक्षा वस्तूच्या बदल्यात वस्तू घेणे मला अधिक फायद्याचे वाटते, कारण ४ गुणांचा आनंद बाजारात विकत घ्यायला निघालो तर बहुधा त्याहून जास्तच मोजावे लागतात.

पहिल्या टप्प्याचा हिशेब असा : जमेत मूळ ९, नैसर्गिक आश्चर्याचा १, कापूस, हस्तिदंत, संगमरवर आणि रेशीम यांचे १६, एकूण २६. खर्चात तीन शहरांचे १८ आणि बारा नागरिकांचे ६, एकूण २४. शिल्लक २.

येथे विस्तार थांबवला.

१५ जून

मधल्या काळात धोरणांच्या 'लिबर्टी' शाखेत 'मेरिटॉक्रसी' घेतली. राजधानीशी जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ गुण मिळतो आणि नागरिकांमुळे होणाऱ्या असंतोषात ५ टक्के सूट मिळते. ही सूट भारतासाठी क्षुल्लक आहे, कारण आमच्या नागरिकांचा असंतोष आधीच निम्मा आहे. शहरामागचा एक गुण मात्र मोलाचा आहे. त्यामुळे भारताच्या शहराचा मूळ भार सहावरून व्यवहारात पाचवर येतो. त्यासाठी रस्ते बांधावे लागतात आणि रस्त्याच्या प्रत्येक षटकोनाला दर टर्नला एक सोन्याचे नाणे देखभालीसाठी जाते. म्हणून शहरांमधले अंतर चार-पाच षटकोनांपेक्षा जास्त ठेवलेले नाही.

कोल्हापूरचा माझा मामेभाऊ हा खेळ माझ्यापेक्षा चांगला खेळतो आणि नेहमी चार शहरांवर थांबतो. दूरध्वनीवर त्याला ही सारी मांडणी सांगितली तेव्हा त्याने विचारले, "दादा, चार शहरांत जो डाव जिंकता येतो, त्यासाठी आठ शहरांचा उपद्व्याप कशाला?" प्रश्न योग्य आहे. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आल्यानंतर प्रत्येक नव्या शहरामागे तंत्रज्ञानाचा खर्च ५ टक्क्यांनी आणि धोरणांचा १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आनंदाखेरीज आणखी दोन लगाम आहेत. मी त्याला एवढेच सांगितले की या प्रकल्पात जिंकणे हा मुद्दा दुय्यम आहे. आनंदाच्या मर्यादेत राज्य किती पसरू शकते याचा माप घ्यायचा आहे. त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

१८ जून

दुसरा टप्पा पूर्ण. पाटलीपुत्र रंगद्रव्यांवर आणि वाराणसी उसावर वसवली. दिल्ली आणि मुंबईत कलोसियम, मुंबईत हस्तिदंतामुळे सर्कस. जमा ४४ आणि खर्चही ४४ : पाच शहरांचे ३० आणि अठ्ठावीस नागरिकांचे १४. शिल्लक शून्य.

येथे एका उपायाविषयी लिहायला हवे. आनंद शून्यावर आला की बहुतेक खेळाडू शहराच्या पडद्यावर जाऊन 'वाढ टाळा' हा पर्याय निवडतात आणि लोकसंख्या गोठवतात. इतर राजांसाठी ते बरोबर आहे, कारण त्यांच्या प्रत्येक नव्या नागरिकाचा एक पूर्ण गुण खर्च होतो. भारतासाठी तो उपाय उलटा पडतो. आमचा नागरिक अर्ध्या गुणाचा आहे, आणि लहान शहरात तो आला की शहरातल्या इमारतींच्या आनंदाची मर्यादा एका पूर्ण गुणाने वर सरकते. वाराणसीची लोकसंख्या २ वरून ४ केली तर खर्च एका गुणाने वाढेल, पण तिथे कलोसियम आणि पॅगोडा दोन्ही असतील तर जमा दोन गुणांनी वाढेल. म्हणून सहाच्या खालच्या शहरांकडे धान्य वळवणे हा आमच्याकडे असंतोष कमी करण्याचाच मार्ग आहे. तंटा आहे तो शहराच्या जन्माशी, वाढीशी नाही.

२२ जून

धर्म स्थापन झाला आणि पॅगोडांची निवड केली. श्रद्धेच्या गुणांवर विकत घेता येणारी ही इमारत श्रद्धा, संस्कृती आणि आनंद प्रत्येकी २ देते आणि तिची देखभाल सोन्यात मोजावी लागत नाही. पाचही शहरांत ती येईल तेव्हा १० गुण मिळतील. मशिदी आणि कॅथेड्रल यांतूनही आनंद मिळतो, पण प्रत्येकी १ च. ज्याला पसरायचे आहे त्याने पॅगोडा दुसऱ्याच्या धर्मात जाण्याआधी मिळवावा, असे माझे मत पक्के झाले आहे, कारण एकदा कोणी ते घेतले की दुसऱ्या धर्माला मिळत नाही.

आज तक्त्यात 'प्रौढ शहर' नावाचा एक नवा रकाना घातला, आणि त्यातून या प्रकल्पातील सर्वांत उपयोगी गोष्ट निघाली. चैनीच्या वस्तू बाजूला ठेवू आणि फक्त शहराचा स्वतःचा हिशेब पाहू. भारताचे लोकसंख्या ६ चे शहर ९ गुणांचा असंतोष करते. कलोसियमचे २, पॅगोडाचे २ आणि मेरिटॉक्रसीचा १ वजा केला तर निव्वळ भार ४. लोकसंख्या १० झाली की असंतोष ११, पण तोपर्यंत प्राणिसंग्रहालय आलेले असते, म्हणून भार पुन्हा ४. लोकसंख्या १४ ला असंतोष १३, स्टेडियम धरून भार पुन्हा ४. म्हणजे सहापासून चौदापर्यंत भारताच्या शहराचा निव्वळ भार जवळपास स्थिर राहतो. इतर राजाचे शहर याच इमारतींसह ६ ला ४, १० ला ६ आणि १४ ला ८ असा भार टाकत जाते.

आणि चैनीची एक नवी वस्तूही ४ गुण देते. भारताचे एक प्रौढ शहर आणि चैनीची एक वस्तू यांची बरोबरी होते. राजधानीसाठी सुरुवातीचे ९ गुण पुरेसे आहेत, त्यामुळे सात नव्या वस्तू मिळवता आल्या तर आठ शहरे कायमची पेलता यावीत. प्रचलित सल्ल्यात जी मर्यादा शहरांच्या संख्येवर घातली जाते ती खरे तर तिथे नाहीच. मर्यादा आहे ती एका वेळी पाळण्यात किती शहरे आहेत यावर. पाळण्यातले शहर साडेसहा गुण खाते आणि परत काहीच देत नाही. तिथे कलोसियम नाही, रस्ता नाही, पॅगोडाही लोकसंख्येच्या मर्यादेमुळे अर्धवट. चैनीची वस्तू सोबत आणणारे शहर असेल तर निव्वळ अडीच, नसेल तर पूर्ण साडेसहा. हाती असलेली शिल्लक भागिले हा आकडा, इतकीच शहरे एका टप्प्यात वसवता येतात, आणि ती सहाच्या वर जाईपर्यंत पुढच्या टप्प्याला हात घालता येत नाही.

२३ जून

'सिव्हिलायझेशन ६' मध्ये ही सारी मांडणी बदलली. तिथे आनंद प्रत्येक शहराचा वेगळा असतो आणि चैनीची एक वस्तू जास्तीत जास्त चार शहरांना पुरते. ते अधिक वास्तव वाटते, एका कोपऱ्यातल्या खेड्यामुळे राजधानीची वाढ खुंटत नाही. तरीही पाचव्या भागातील एका आकड्याची सक्ती मला अधिक आवडते, कारण तिच्यामुळे प्रत्येक सेटलर घडवताना साऱ्या राज्याचा विचार करावा लागतो.

२९ जून

तिसरा टप्पा : आग्रा, कलकत्ता आणि लाहोर. नियमाप्रमाणे एकामागून एक वसवायला हवी होती, परंतु सयामचे सेटलर दक्षिणेकडे सरकत होते आणि जागा जाण्याची भीती होती. पॅगोडांमुळे शिल्लक १० वर आली होती. आग्र्याजवळ तांबे होते, म्हणून त्याचा निव्वळ भार अडीच. कलकत्ता आणि लाहोर यांच्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्यांचे १३. एकूण साडेपंधरा. आकडा उणे पाच-सहापर्यंत जाईल हे तक्त्यात आधीच दिसत होते आणि तो तिथेच गेला.

या काळात मोठ्या शहरांची वाढ जवळपास थांबली, तिची किंमत मान्य करूनच हा निर्णय घेतला होता. उणे १० अजून दूर होते. एका व्यापारी नगरराज्याला २५० नाणी देऊन मैत्री मिळवली, तिथून थोडा आनंद आला. नंतर तिन्ही शहरांत कलोसियमला अग्रक्रम दिला, आणि सर्व शहरांत कलोसियम झाल्यामुळे राजधानीत 'सर्कस मॅक्झिमस' हे राष्ट्रीय आश्चर्य बांधता आले. त्याचे ५ गुण लोकसंख्येच्या मर्यादेत अडकत नाहीत. येथे एक बारकावा असा की राष्ट्रीय आश्चर्यासाठी लागणारी इमारत प्रत्येक शहरात असावी लागते, त्यामुळे सर्कस मॅक्झिमस दोन टप्प्यांच्या मधल्या काळातच उरकून घ्यावी. नवे शहर वसले की अट पुन्हा अपुरी होते. आधी बांधलेले आश्चर्य मात्र तसेच टिकते.

६ जुलै

आठही शहरे सहाच्या वर. शिल्लक ९.

आता ही शिल्लक कशासाठी वापरायची हा प्रश्न आहे. जास्तीचा आनंद दर टर्नला एका वेगळ्या पेटीत साठत जातो आणि ५०० झाले की सुवर्णयुग सुरू होते. पुढच्या सुवर्णयुगाला आणखी २५० जास्त लागतात. दहा गुणांची शिल्लक ठेवली तर पहिल्यासाठीच पन्नास टर्न जातात, आणि त्यातून दहा टर्नपुरती उत्पादनात आणि संस्कृतीत २० टक्के वाढ मिळते. चार शहरांवर थांबणाऱ्या खेळाडूला हे परवडते, कारण त्याच्या शिल्लकेला दुसरे काम नसते. पसरणाऱ्याने तीन ते आठ गुणांपलीकडची शिल्लक पडून ठेवू नये, असे मी ठरवले आहे.

सयामशी युद्ध करण्याचा विचार त्यातूनच आला. नव्या जागा संपल्या आहेत, आणि सुखोथाई हे सयामचे राजधानीचे शहर आमच्या सीमेपासून पाच षटकोनांवर आहे.

१३ जुलै

युद्धाचा हिशेब सैनिकांच्या आधी आनंदाच्या तक्त्यात केला. रामखामहेंगकडून येणारे रेशीम युद्ध पुकारताच बंद होणार, म्हणजे उणे ४. सुखोथाईची लोकसंख्या १४ होती; जिंकताना शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या नष्ट होते, म्हणून ७ उरतील. शहर थेट खालसा केले तर न्यायालय बांधून होईपर्यंत असंतोष नेहमीपेक्षा जड असतो आणि न्यायालयाला दर टर्नला ४ नाणी लागतात. त्याऐवजी त्याला मांडलिक ठेवायचे, म्हणजे खेळाच्या भाषेत पपेट. मांडलिक शहराचा भार स्वतः वसवलेल्या शहराइतकाच धरला जातो : ६ + साडेतीन, म्हणजे साडेनऊ. इतर राजाला हेच शहर दहा गुणांना पडले असते. फरक आज अर्ध्या गुणाचा आहे, पण सुखोथाई पुन्हा १४ वर जाईल तेव्हा आम्हाला १३ आणि इतरांना १७ पडेल.

यातून थोडा विनोदी निष्कर्ष निघतो. नियमांच्या दृष्टीने गांधी हे लहान गावे वसवणाऱ्यांत सर्वांत वाईट आहेत आणि मोठी शहरे जिंकून ठेवणाऱ्यांत सर्वांत चांगल्यांपैकी एक. या मालिकेत गांधींच्या अण्वस्त्रप्रेमाची थट्टा जुनी आहे. पहिल्या खेळातील संगणकीय चुकीची त्यामागची कथा मालिकेचे जनक सिड मायर यांनीच नाकारली आहे, मात्र पाचव्या भागात गांधींची अण्वस्त्र वापरण्याची प्रवृत्ती दहाच्या पट्टीवर मुद्दाम बारा ठेवलेली आहे. आनंदाच्या नियमांनी मात्र गांधींना नकळतच विजिगीषू बनवले आहे.

प्रत्यक्षात असे झाले : आधीची शिल्लक ९, रेशीम गेल्यावर ५, सुखोथाई घेतल्यावर उणे साडेचार. शहराभोवतीचे रेशमाचे मळे आता आमचे झाल्याने उणे अर्धा, आणि तिथलीच मोत्यांची जागा बोटीने जोडल्यावर साडेतीन. सी सतचनालाई हे दुसरे मोठे शहरही घेतले. सीमेवर लोकसंख्या ३ चे एक गावही हाती आले, ते मात्र जाळले. इतरांना ते सहा गुणांना पडले असते, आम्हाला साडेसात. मूळ राजधानी जाळता येत नाही, असे गाव जाळता येते. लहान गावांबाबत भारताने दयाबुद्धी दाखवू नये.

एक खर्च मात्र तक्त्यात आधी धरता येत नाही. युद्धानंतर पॉलिनेशियाच्या कामेहामेहाने आमच्याकडे युद्धखोर म्हणून पाहायला सुरुवात केली आणि मिठाची देवघेव मुदत संपल्यावर पुन्हा केली नाही. आणखी ४ गुण गेले. जिंकलेल्या शहराचा खरा भार मोजताना ही रुसलेली देवघेवही त्यात धरली पाहिजे.

२० जुलै

औद्योगिक युग. आकड्यांत फारसे नवे नाही. प्राणिसंग्रहालये झाली. दिल्लीने मिठाची मागणी केली होती, ती एका नगरराज्याशी युती करून पुरवली. त्यामुळे राजप्रेमाचा उत्सव सुरू होऊन तिथली वाढ २५ टक्क्यांनी वेगावली. आमच्या बाबतीत वाढ स्वस्त असल्याने अशा मागण्या शक्य तितक्या पुऱ्या कराव्यात.

न्यूश्वानस्टाइन किल्ल्याचे आश्चर्य मिळाले असते तर प्रत्येक किल्ल्यामागे १ गुण आला असता, आणि भारताचा मुघल किल्ला हा किल्ल्यातच मोजला जातो. दुसऱ्याच एका राज्याने ते आधी पूर्ण केले.

२८ जुलै

विचारसरणीची निवड. तीन कारखाने झाल्यावर हा निर्णय घ्यावा लागतो आणि विस्तारलेल्या राज्यासाठी तो आनंदाचाच निर्णय असतो. 'फ्रीडम' मध्ये तज्ज्ञ नागरिकांचा असंतोष निम्मा होतो, परंतु भारताच्या बाबतीत त्या सवलतीचा लाभ तितका उरत नाही. 'ऑर्डर' मधील समाजवादी वास्तववादाने प्रत्येक स्मारकामागे २ गुण मिळतात. स्मारक ही खेळातील सर्वांत स्वस्त इमारतींपैकी एक आहे आणि आमच्या आठही शहरांत ती पहिल्या दिवसापासून आहे. १६ गुण एका फटक्यात. शहरे जितकी जास्त तितका लाभ जास्त, हे या प्रकल्पासाठी जणू मुद्दाम केल्यासारखे आहे.

याची दुसरी बाजू म्हणजे जनमत. आमच्यावर ज्यांच्या संस्कृतीचा प्रभाव जास्त आहे अशा दोन राज्यांनी 'फ्रीडम' घेतले, त्यामुळे आमचे नागरिक कुरबुरू लागले. हा असंतोष शहरांच्या संख्येवरून आणि लोकसंख्येवरून असा दोन प्रकारे मोजून जो जास्त येईल तो लावला जातो, म्हणून पसरलेल्या राज्यालाही त्यातून सुटका नाही आणि दाट राज्यालाही नाही. सध्या तो १० आहे. संस्कृतीच्या इमारतींकडे आधी लक्ष दिले असते तर कमी झाला असता, पण आठ शहरे वाढवताना उत्पादन तिकडे वळवण्याची संधी फारशी नव्हती. हा विस्ताराचा उशिरा येणारा कर समजावा.

३ ऑगस्ट

आधुनिक युगातील पूर्ण ताळेबंद. खर्चाच्या बाजूस : आठ शहरांचे ४८, त्यांतील ११२ नागरिकांचे ५६, दोन मांडलिक शहरांचे मिळून २२, जनमताचे १०; एकूण १३६. जमेच्या बाजूस : मूळ ९, नैसर्गिक आश्चर्यांचे ३, चैनीच्या अकरा वस्तूंचे ४४, कलोसियम, प्राणिसंग्रहालय आणि स्टेडियम यांचे ४८, पॅगोडांचे १६, स्मारकांचे १६, मेरिटॉक्रसीचे ९, सर्कसचे २ आणि सर्कस मॅक्झिमसचे ५, एकूण १५२. शिल्लक १६, आणि नागरिकांवरील पाच टक्के सूट धरली तर सुमारे १९. लिबर्टीच्या एका धोरणाने आणि चैनीच्या अकरा वस्तूंनी पाया उचलला आहे, बाकी सारे शहरांनी स्वतःचे स्वतः फेडले आहे. नगरराज्यांकडून येणारा किरकोळ आनंद यात धरलेला नाही, कारण ती मैत्री पैसे संपले की संपते.

११ ऑगस्ट

मामेभावाला ताळेबंद पाठवला. त्याने आकडे तपासले, एकही शेरा मारला नाही आणि शेवटी एवढेच म्हणाला, "दादा, एवढी शिल्लक आहे तर एक कोल्हापूर होऊन जाऊ दे."

पूर्व किनाऱ्यासमोरील बेटावर खनिज तेल आहे आणि आमच्याकडे तेल नाही, म्हणून मागणी मान्य केली. तंत्रज्ञानाचा खर्च ५ टक्क्यांनी वाढला. बंदर बांधेपर्यंत ते राजधानीशी जोडलेले धरले जाणार नाही, त्यामुळे मेरिटॉक्रसीचा गुण अजून नाही. खेळाच्या यादीतले नाव पुसून कोल्हापूर असे लिहिले, आणि सोने देऊन कलोसियम लगेच घेतले. भार साडेसहा, लोकसंख्या १, म्हणून कलोसियमच्या दोनपैकी एकच गुण जमा झाला आहे. दुसरा मिळावा यासाठी मुंबईहून धान्याचे जहाज तिकडे वळवले आहे.